माशांचे पाणी

माणसाच्या पोटाला निर्धोक ठरलेले पाणी माशाच्या कल्ल्यांनाही निर्धोक असेलच, हा समज इतका स्वाभाविक आहे की तो तपासून पाहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आणि तरीही घरातल्या काचेच्या टाकीतील पाणी बदलल्यावर जे मासे अकस्मात दगावतात, त्यांतील पुष्कळांच्या मृत्यूचे मूळ ह्याच समजात असते, असे अनुभवान्ती मला निश्चयाने सांगता येते.

आमचे रोहिणखेड मोताळा तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले. भूमी काळ्या पाषाणाची, त्यामुळे विहिरींचे व बोअरचे पाणी त्या पाषाणातील क्षार घेऊन येणारे, जड. आणि पावसाळा लागून ओढे गढूळ झाले की गावोगावच्या नळाच्या पाण्यात टी.सी.एल. ह्या क्लोरीनयुक्त जंतुनाशक पावडरीची मात्रा वाढते. ती वाढलीच पाहिजे, कारण पटकी आणि गॅस्ट्रोपासून असंख्य माणसे ह्याच पावडरीने वाचविली आहेत. अशाच एका आषाढात, नेहमीच्याच रीतीने आणि नेहमीच्याच नळाच्या पाण्याने टाकी भरल्यावर, दिवेलागणीपर्यंत तरतरीत असलेले आमचे गोल्डफिश आणि मॉली रात्री पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागले आणि उजाडेपर्यंत बहुतेक सारे गेले. पाणी तर तळाचा खडा दिसावा इतके निर्मळ होते. कोणी दृष्ट लागली म्हणाले, कोणी खाद्य बाधले म्हणाले. परंतु त्या मुक्या जिवांच्या मरणाचा तपास न करता नवे मासे आणून सोडणे मला अन्यायाचे वाटले, आणि त्या तपासात जे हाती आले ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहे.

पाणी बदलल्यानंतर मरण किती वेळाने आले, हा अशा पंचनाम्यातील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा रकाना होय. काही तासांतच मासे वर येऊन धापा टाकू लागले, तर प्रथम संशय क्लोरीनवर घ्यावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाशी पोचलेल्या पाण्यात दर लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो. माशाच्या नाजूक कल्ल्यांना ह्याच्या दशांशाइतका क्लोरीनही फार काळ सोसवत नाही. गावातील आरोग्य कर्मचाऱ्यांजवळ क्लोरीन ओळखण्याच्या ओ.टी. चाचणीची बाटली असते. तिचे थेंब टाकताच पाणी पिवळे झाले, तर ते पाणी माणसांसाठी उत्तम आणि माशांसाठी विष, असा निकाल खुशाल द्यावा. उघड्या तोंडाच्या भांड्यात, हवेचा पंप लावून, दिवसभर ठेवलेल्या पाण्यातून हा क्लोरीन बहुधा उडून जातो. झाकलेल्या पिंपातून मात्र तो सहजी जात नाही. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रकारांच्या अंधारखोलीतला हायपो, कामास येतो. लिटरला 1 मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या 100 लिटर पाण्याला तो ग्रॅमभरही लागत नाही.

दुसरे कारण अधिक गूढ आहे, आणि ज्यांनी पाणी कित्येक महिने बदललेलेच नाही त्यांनी तर ते अवश्य ध्यानी घ्यावे. जुन्या पाण्यात माशांच्या उत्सर्गाचा अमोनिया साठत जातो; त्याच वेळी टाकीत चालणाऱ्या जैविक क्रियेने पाण्यातील क्षारता झिजून त्याचा सामू खाली येतो. आपले शेतकरी माती परीक्षणाच्या अहवालामुळे सामू जाणतातच. सामू 7 असताना, 25 अंश तापमानाला, एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का खऱ्या विषारी रूपात असतो. तोच सामू 8 वर गेला की हे प्रमाण पाच टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे ज्या मलिन पाण्यात मासे कसेबसे जगत होते, त्यातच आमच्याकडील जड आणि क्षारयुक्त ताजे पाणी एकदम अर्धी टाकी ओतले, तर आतला निद्रिस्त अमोनिया जागा होतो आणि स्वच्छतेच्या हेतूने केलेले कृत्य घातक ठरते. ह्यावर उपाय एकच : पाणी एका वेळी चतुर्थांशाहून अधिक बदलू नये, आणि फार काळ दुर्लक्षिलेल्या टाकीत तर दशांशापासून आरंभ करून अनेक दिवस थोडे थोडे बदलावे. सामू दाखविणाऱ्या कागदाच्या पट्ट्या स्वस्त मिळतात. जुने आणि नवे, दोन्ही पाणी त्यांनी आधी ताडून पाहावे.

पाणी बदलून दोन-चार दिवस लोटल्यावर एकेक मासा जाऊ लागला, तर दृष्टी फिल्टरच्या स्पंजाकडे वळवावी. अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे पुढे नायट्रेट करणारे जंतू त्या स्पंजात वस्ती करून असतात. नळाखाली तो खळखळून धुतला की ती वस्ती क्लोरीनने उद्ध्वस्त होते आणि पुन्हा वसण्यास महिना-दीड महिना घेते. स्पंज धुवावा तो टाकीतून काढलेल्या जुन्याच पाण्यात.

तापमानाविषयी थोडक्यात सांगायचे, तर वैशाखात गच्चीवरच्या टाकीतले तापलेले पाणी हात घालून पाहिल्याविना ओतू नये; 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांवर तो साडेसातवर येतो. बोअरचे थेट उपसलेले पाणी थंड असले तरी प्राणवायूने दरिद्री असू शकते. ते उंचावरून धार धरून भांड्यात पाडावे.

मासे धापा टाकताना दिसले, तर खाद्य ताबडतोब बंद करून हवेचा पंप पूर्ण वेगाने चालवावा, हायपो जवळ असल्यास घालावा, आणि कारण कळेपर्यंत त्याच नळाचे आणखी पाणी ओतण्याचा मोह आवरावा.

ह्या संदर्भात एक विनंती गावकऱ्यांना आहे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून हिवतापाच्या मोहिमेत विहिरींत आणि हौदांत गप्पी मासे सोडले जातात, आणि साथीच्या दिवसांत त्याच विहिरींत टी.सी.एल. पडते, दोन्ही कामे लोककल्याणाचीच, पण एकाने दुसऱ्याचा नाश होतो. पावडर पडण्यापूर्वी ओंजळभर गप्पी जाळीने काढून, ज्यात ती पावडर कधीच पडत नाही अशा एखाद्या सिमेंटच्या टाक्यात बियाण्यासारखे जपून ठेवावेत, म्हणजे विहिरीतला क्लोरीन ओसरताच ते पुन्हा सोडता येतील.