अभ्यासपाठ : कर्करोगाचे उपचार चालू असताना मुलाला लस द्यावी का?



उजनीच्या फुगवट्याकाठी करमाळा आणि माढा तालुक्यांतल्या वस्त्यांवर मी आरोग्यसेविका म्हणून जाते. गेल्या वर्षी एका पारधी आईने मला विचारले, “ताई, पोराला ब्लड कॅन्सर हाय, मग त्येला डोस द्यायचा का न्हाई?” प्रश्न एका ओळीचा आहे, पण उत्तराला हा पाठ लागेल.

जगात दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी. उशिरा निदान आणि अर्धवट सोडलेले उपचार ही यामागची कारणे आपल्याला माहीत असतात. तिसऱ्या कारणाकडे आपले लक्ष कमी जाते. उपचार चालू असतानाच होणाऱ्या संसर्गाने कितीतरी मुले दगावतात, आणि त्यांतले गोवरासारखे काही आजार लसीने टळणारे असतात.

मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो, त्याचे उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात. पहिले काही महिने रुग्णालयाच्या फेऱ्यांत जातात. पुढे मूल घरी येते, गोळ्या चालू राहतात, चेहऱ्यावर तुकतुकी येते. शेजाऱ्यांना वाटते, पोर बरे झाले. प्रत्यक्षात त्याच गोळ्यांनी त्याची प्रतिकारशक्ती दाबलेली असते.

आता लसींविषयी. काही लसींत जिवंत पण दुबळा केलेला जंतू असतो : बीसीजी, तोंडावाटे द्यायचा पोलिओ डोस, गोवर-रुबेला, कांजिण्यांची लस. निरोगी बाळाला त्यांचा त्रास होत नाही. कीमोथेरपी चालू असलेल्या मुलात मात्र तो दुबळा जंतूही बळावू शकतो, म्हणून या लसी उपचार चालू असेपर्यंत द्यायच्या नाहीत. पेंटाव्हॅलंट, न्यूमोकोकल, फ्लूचे इंजेक्शन यांत जिवंत जंतू नसतो. त्या धोक्याच्या नाहीत, पण कीमोथेरपीत त्यांचा गुणही कमी येतो. कोणती, केव्हा, हे कर्करोगाच्या डॉक्टरांनीच ठरवावे. रक्त वारंवार चढवावे लागते, म्हणून कावीळ-बीच्या लसीबद्दल त्यांना आवर्जून विचारावे.

आजारी मुलाला लस देता येत नसेल, तर त्याच्याभोवती कुंपण घालता येते. भावंडांना गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस वेळेवर द्यावेत. ती लस घेतलेल्या मुलाकडून दुसऱ्याला गोवर लागत नाही. पोलिओच्या थेंबांचे तसे नाही. थेंबांतला विषाणू काही आठवडे शौचावाटे बाहेर पडतो, आणि ज्या वस्तीवर शौचालय नाही, पाण्याचा हंडा एकच, तिथे हे महत्त्वाचे ठरते. म्हणून घरात असे मूल असेल तर भावंडांना पोलिओचे इंजेक्शन द्यावे, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. पल्स पोलिओच्या दिवशी बूथवरच्या कार्यकर्त्यांना हे कोणी सांगितलेले नसते. ते आपले काम चोख करतात, दिसेल त्या पाच वर्षांखालच्या मुलाला थेंब पाजतात. आशाताईला आदल्या दिवशी गाठून सांगणे, एवढाच उपाय मला सापडला आहे.

२०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली होती. आमच्या वस्त्यांवर ऊसतोडीची कुटुंबे येतात आणि जातात, त्यांच्या लेकरांचे डोस गावोगावी अर्धवट राहतात, त्यामुळे साथ इथेही दूर नसते. गोवर निघाला की पोराला कडुलिंबाच्या पाल्यात निजवून ठेवायची रीत आहे. त्या रीतीला मी नावे ठेवत नाही. पण शेजारच्या घरी कीमोथेरपीचे मूल असेल तर दिवस मोजायला हवेत : गोवराचा संपर्क आल्यापासून सहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन मिळाले तर उपयोग होतो. कांजिण्यांसाठीही असेच तातडीचे उपाय आहेत. अंगावर पुरळ उठायची वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालयाला फोन करावा. कुगावहून पलीकडे कळाशीला जायचे तर होडी, ती वारा सुटला की बंद. अशा ठिकाणी सहा दिवस फार नसतात.

उपचार संपल्यावरची अडचण वेगळीच आहे. कीमोथेरपीने पूर्वीच्या लसींचे संरक्षणही पुष्कळदा पुसले जाते. साधारण तीन ते सहा महिन्यांनी, डॉक्टरांच्या परवानगीने, डोस पुन्हा घ्यावे लागतात. पण लसीकरणाच्या कार्डावर सगळ्या खुणा आधीच झालेल्या असतात. शिवाय मूल तोवर सहा-सात वर्षांचे झालेले असते, आणि गोवर-रुबेलाचा राहिलेला डोस सरकारी सत्रात पाच वर्षांपर्यंतच मिळतो. कांजिण्यांची लस तर सरकारी यादीतच नाही, ती विकत घ्यावी लागते. त्यासाठी रुग्णालय सोडताना डॉक्टरांकडून पुन्हा द्यायच्या लसींची चिठ्ठी मराठीत लिहून घ्यावी, आणि ती कार्डालाच टाचून ठेवावी. आमच्याकडच्या झोपड्यांत कागद पावसाने भिजतात. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डासोबत ठेवायला आम्ही सांगतो, कारण रेशनकार्ड कोणी हरवत नाही.