'तरुण टोर्लेस' : पाहणाऱ्याचा दोष

चित्रपट केवळ करमणुकीसाठीं असतात, असें पुष्कळांस वाटतें. परंतु कांहीं चित्रपट विचारास प्रवृत्तही करतात. फोल्कर श्लेंडोर्फ या जर्मन दिग्दर्शकांचा १९६६ सालचा पहिला दीर्घ चित्रपट 'तरुण टोर्लेस' हा अशांपैकींच होय. रॉबर्ट मुसिल यांच्या १९०६ च्या कादंबरीवरून तो घेतलेला असून, त्याचें कथानक जुन्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यांतील एका बोर्डिंग शाळेंत घडतें. श्लेंडोर्फ स्वतः फ्रान्समधील जेझुइट पाद्र्यांच्या बोर्डिंग शाळेंत शिकले होते. तेव्हां हें जीवन त्यांस परकें नव्हतें.

बासिनी नांवाचा विद्यार्थी सोबत्याचे पैसे चोरतो. रायटिंग व बाइनेबेर्ग हे ती चोरी शिक्षकांस न कळवितां त्याच धाकावर त्यास माळ्यावर नेऊन छळतात. टोर्लेस हात उगारीत नाहीं. तो जिज्ञासेनें पाहत राहतो. अखेर व्यायामशाळेंत मुलांचा जमाव बासिनीस उलटा टांगून त्याची विटंबना करतो.

कान येथील महोत्सवांत या चित्रपटास समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघाचें पारितोषिक मिळालें, व नव्या जर्मन चित्रपटाच्या आरंभींच्या यशांत त्याची गणना झाली. छळणारे थोडे व मुकाट्यानें पाहणारे पुष्कळ, या चित्रांत अनेक समीक्षकांस नाझी राजवटीची छाया दिसली. उलट, या राजकीय अर्थापुढें कादंबरींतील मनाचा सूक्ष्म शोध फिका पडला, असाही आक्षेप निघाला. आमच्या मतें तो अगदींच निराधार नाहीं. कारण मुसिल यांनीं पुस्तक प्रसिद्ध केलें तेव्हां हिटलरची सत्ता २७ वर्षें दूर होती. तथापि जुन्या ग्रंथाचा अर्थ पुढील पिढीनें आपल्या अनुभवानें ताडून पाहावा, यांत गैर कांहींच नाहीं.

विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानीं धरावी. बासिनी निर्दोष नव्हता, म्हणूनच ही कथा कठीण आहे. अपराध्यास शिक्षा देणें निराळें व त्याच्या अपराधाचें निमित्त करून आपली क्रूरता भागविणें निराळें. साधीं माणसेंही भयंकर कृत्यें करूं शकतात, हें टोर्लेस शेवटीं शिक्षकांस सांगूं पाहतो. परंतु त्यांस तें उमजत नाहीं, आणि तो शाळा सोडून जातो. पालकांनीं व गुरुजनांनीं येथें थांबून विचार करावा : मूल अडखळत बोलूं लागलें, तर ऐकून घेण्यास आपण सिद्ध आहों काय?