रूट कॅनाल झाले, आता दाताचे तोंड पक्के बंद करा

विटा आणि खानापूर तालुक्यातली सोने-चांदी गाळणारी गलाई मंडळी देशभर विखुरलेली आहेत. दसऱ्याच्या पालख्यांना, दिवाळीला, जत्रेला गावी आली की दातांची राहिलेली कामे काढली जातात. रूट कॅनालने ठणका थांबतो, वर टेंपररी भरलेली असते आणि परतीची गाडी गाठायची असते. कॅप पुढच्या फेरीवर जाते आणि घात तिथेच होतो. दाताच्या मुळात गट्टापर्चा हा रबरासारखा पदार्थ कितीही नीट भरलेला असो, वरचे तोंड घट्ट नसेल तर लाळेबरोबर जिवाणू आत उतरतात. १९९० च्या एका प्रयोगात वरून उघड्या ठेवलेल्या निम्म्याहून अधिक मुळांत जिवाणू १९ दिवसांत टोकापर्यंत पोहोचले होते.

काय करावे

- गावी आल्या आल्या डॉक्टरांना दाखवा. परतायची तारीख, कॅपचे दिवस आणि एकूण खर्च पहिल्याच भेटीत बोलून घ्या.
- टेंपररी भरल्यावर निदान तासभर त्या बाजूने चावू नका. कॅव्हिटसारखा मऊ लगदा लाळेच्या ओलाव्यानेच घट्ट होतो आणि किंचित फुगून कडा बंद करतो. मात्र त्याचा थर साडेतीन मिलिमीटर तरी हवा, आणि चावण्याचा जोर तो फार दिवस सोसत नाही.
- दोन-तीन आठवड्यांच्या आत ग्लास आयोनोमर किंवा कॉम्पोझिटने पक्के भरून घ्या. दाढेवर बहुतेक वेळा कॅप लागतेच. पुढच्या दाताचे छिद्र लहान असेल तर नुसते भरूनही भागते.
- कॅप दुसऱ्या गावी बसवणार असाल तर एक्स-रे आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या. आत कोणते सिमेंट आहे तेही लिहून घ्या. काही सिमेंटांत लवंगतेलातले युजेनॉल असते, त्याचा अंश राहिला तर कॉम्पोझिट नीट कडक होत नाही.

काय टाळावे

- दुखत नाही म्हणजे काम झाले, असे समजू नका. नस काढलेली असते, त्यामुळे पुन्हा संसर्ग झाला तरी दात लवकर बोलत नाही.
- टेंपररी उडाली तर कापूस किंवा लवंग कोंबून दिवस काढू नका. लगेच नवी भरून घ्या.
- कॅप नसलेल्या दाढेने ऊस, सुपारी, फुटाणे चावू नका. दाढ उभी चिरली तर बहुधा काढावीच लागते.
- कॅप बसली म्हणून घासण्यात हयगय नको. दात आणि कॅप मिळतात त्या कडेलाच नवी कीड लागते. मशेरीने ती थांबत नाही.

रे आणि ट्रोप या संशोधकांनी १९९५ मध्ये रूट कॅनाल झालेल्या १०१० दातांचे एक्स-रे तपासले. मुळातले आणि वरचे, दोन्ही काम चांगले असलेले ९१ टक्के दात निरोगी दिसले. मुळातले काम चांगले पण वरचे खराब, अशा दातांत हे प्रमाण ४४ टक्क्यांवर आले. म्हणून गाव सोडण्याआधी वरचे काम पुरे करून घ्या.