खाऱ्या पाण्याचा टँक विकताय? मासे नंतर, आधी दगड

मागच्या व्हिडिओत येडशीच्या एका दादांचा प्रश्न घेतला होता. त्यांचं ॲक्वेरियमचं छोटं दुकान आहे. गोल्डफिश, गप्पी, फायटर विकून घर चालतं. एका नव्या हॉटेलवाल्याने त्यांना विचारलं, "तो निमोवाला टँक बसवून देता का? उद्घाटन पंधरा दिवसांवर आलंय." दादांनी ॲडव्हान्स घेतला, आणि मग मला फोन केला! मी म्हणालो, एकतर तारीख पुढे घ्या, नाहीतर ॲडव्हान्स परत करा. व्हिडिओत कारण घाईत सांगितलं, इथे नीट लिहितो.

माशाच्या विष्ठेतून, श्वासातून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशाला विष आहे, आणि खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असल्याने इथे तो जास्तच घातक ठरतो. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते माशाला बरंच सोसवतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत बसत नाहीत, त्यांना चिकटायला जागा लागते. ती जागा म्हणजे 'लाइव्ह रॉक'. दगड जिवंत नसतो, त्यावरची आणि आतली वस्ती जिवंत असते.

हा दगड म्हणजे मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा, स्पंजासारखा आरपार सच्छिद्र. बाहेरच्या थरात ऑक्सिजन असतो, तिथे वरचं काम चालतं. आत खोलवर ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेट फोडून त्याचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये असे समुद्रातले दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टँक चालवण्याची पद्धत लिहून प्रसिद्ध केली. आजचा रीफ टँक त्याच वाटेने आलाय.

दादांचा पुढचा प्रश्न मला आवडला: "सर, आपल्या बालाघाटातला काळा दगड टाकला तर?" रामलिंगच्या बाजूला तर दगडाला हातच लावू नका, ते अभयारण्य आहे. आणि बेसॉल्टला छिद्रं दिसली तरी ती बहुतेक एकमेकांना जोडलेली नसतात. वरून जिवाणू बसतील, आतली खोली मिळणार नाही.

मग लाइव्ह रॉक कुठून आणायचा? इथे धंदेवाल्याने कान उघडे ठेवायचे. प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे. मालवणपासून अंदमानपर्यंत, समुद्रातून काढलेला प्रवाळ "ओरिजिनल माल आहे" म्हणून कुणी दिला तर घेऊ नका. तो दगड तुमच्या दुकानात सापडला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. शिवाय किनाऱ्यापासून येडशीपर्यंत खोक्यातून येताना त्यावरचे कितीतरी जीव मरतात आणि टँकमध्ये सडून उलट अमोनियाच वाढवतात.

त्यापेक्षा कारखान्यात बनवलेला कोरडा, सच्छिद्र रीफ रॉक किंवा सिरॅमिक मीडिया बिलासकट घ्या. बोअरचं जड पाणी नको, आरओचं घ्या. लिटरला साधारण ३५ ग्रॅम सागरी मीठ धरा, म्हणजे २०० लिटरला ७ किलो. जेवणातलं मीठ चालत नाही. बाटलीतले जिवाणू सोडा, थोडा अमोनिया द्या, पंप चालू ठेवा. आणि थांबा. साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तही. एक परीक्षा पक्की: २ पीपीएम अमोनिया टाका, २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर टँक तयार. मग दोनच क्लाउनफिश सोडा. एकदम दहा सोडले तर जिवाणूंची संख्या पुरी पडणार नाही.

आता कोटेशन. काच, दगड, मीठ, टेस्ट किट वेगळं लिहा, आणि "टँक तयार करण्याची देखरेख, सहा आठवडे" ही वेगळी ओळ टाका, तिचे पैसे लावा. बरेच जण ही ओळ लाजून फुकट देतात. माशांचे पैसे शून्य रीडिंगचा फोटो दाखवूनच घ्या. हॉटेलवाल्याला सांगा, उद्घाटनाला दगड आणि निळा लाइट दिसेल, मासे नंतर येतील.

लाइट गेली की पाणी हलायचं थांबतं, जिवाणूंचा आणि माशांचा दोघांचाही ऑक्सिजन संपत जातो. बॅटरीवरचा एअर पंप कोटेशनमध्येच धरा. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागे राहतं. तेव्हा भर घालताना साधं आरओचं पाणी घाला, खारं नाही.

दादांनी तारीख दीड महिना पुढे घेतलीय, हॉटेलवाला थोडा नाराज आहे. पुढच्या भागात दर महिन्याच्या देखभालीचा करार कसा लिहायचा ते बघू. तोवर आपल्या आरओच्या पाण्याचा टीडीएस मोजून ठेवा.