सिगिरियावर घोषणा नकोत

श्रीलंकेतल्या सिगिरिया या कातळगडाची वाट एका ओळीत मावते: कोलंबोहून दांबुल्ला, तिथून बसने पायथा, पुढे सुमारे 1200 पायऱ्या. सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत असते, म्हणून पासपोर्ट जवळ असू द्या.

निम्म्याहून वर गेलं की सिंहाचे दोन अवाढव्य पंजे लागतात. त्यांच्या मधून लोखंडी जिना माथ्यावर जातो. वरच्या कड्याला मधमाश्या आणि गांधीलमाश्यांची पोळी लटकलेली असतात आणि शांतता पाळा, असे फलकही तिथे आहेत. आमच्या पुढच्या गटाने ते वाचले नसावेत. माणसं आपल्याच मुलखातली, अंगात किल्ल्यांचे टी-शर्ट. पंजे दिसताच शिट्ट्या, घोषणा, मोबाइलवर मोठ्याने गाणी. थोड्याच वेळात वरून घोंघाट सुरू झाला आणि पळापळ झाली.

आम्ही सोनपेठची मंडळी. गोदाकाठच्या वडा-पिंपळांवर, पाण्याच्या टाक्यांखाली आग्या मोहोळ बघत वाढलेली. उपरणी, ओढण्या तोंडावर घेतल्या, हात न झटकता भिंतीच्या कडेने मागे सरकलो. रखवालदारांनी लेकुरवाळ्यांना आधी जाळीच्या खोलीत घेतलं. घोषणा देणाऱ्यांपैकी एकाची मान सुजली होती, पण डंख बसले ते जास्त करून इतरांनाच. त्यात एक शाळकरी मुलगीही होती. गडावर जाऊन आरडाओरडा करणाऱ्याला मी ट्रेकर म्हणणार नाही, मग त्याने कितीही किल्ले केलेले असोत.

जिना बराच वेळ बंद राहिला. कंटाळून पुष्कळ लोक उतरले. नंतर थोड्या थोड्या लोकांना सोडलं, तेव्हा माथा जवळजवळ रिकामा मिळाला. खडकात कोरलेलं तळं, राजवाड्याची जोती, खाली खंदक आणि आखीव जलउद्याने, भोवती नुसतं रान. एवढ्या निवांतपणे हे बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

इतिहास थोडक्यात: बाप धातुसेनाला मारून गादीवर बसलेल्या कश्यपाने भाऊ मोग्गल्लान याच्या धाकाने इथे राजधानी केली, 477 ते 495. वाटेतल्या कपारीतली चित्रं अजिंठ्याच्या 16 आणि 17 क्रमांकांच्या लेण्यांच्याच शतकातली; त्यांचे फोटो काढू देत नाहीत. शेजारच्या आरसा-भिंतीवर जुन्या प्रवाशांनी कोरलेल्या कविता आहेत. त्यांतल्या 685 पुरातत्त्वज्ञ सेनरत परणविताना यांनी वाचून छापल्या. पण जुन्यांनी कोरलं म्हणून आज तिथे नाव कोरायला जाऊ नका. देवगिरी पाहिलेल्याला तासलेला कडा आणि खंदक लगेच ओळखीचे वाटतील.

सकाळी दार उघडताच चढा. पूर्ण बाह्यांचे फिके कपडे घाला, अत्तर लावू नका. माशी अंगावर बसली तर झटकू नका. डंखाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने डॉक्टरांना विचारून औषध सोबत ठेवावं आणि बरोबरच्यांना ते कुठे आहे हे सांगून ठेवावं. पंजांपासून माथ्यापर्यंत गप्प चाला. तुमच्या मागे कोणाचं तरी लेकरू चढत असतं.