पाव मऊ हवा तर पीठ सैल ठेव

अगं, पाव घट्ट होतो म्हणून ओव्हनला बोल लावू नकोस. पाव बिघडतो तो परातीत. पाणी कमी पडलं की तो कोरडा होणारच, मग वरून कितीही लोणी फास.

अर्धा किलो मैद्याला ३२० मिलि दूध-पाणी लागतं, निम्मं निम्मं. दूध तापवून निवलेलं घे. शिवाय ७ ग्रॅम यीस्ट, दोन मोठे चमचे साखर, दीड चहाचा चमचा मीठ आणि ४० ग्रॅम लोणी. मीठ विसरायचं नाही. त्याने पीठ आवळतं आणि यीस्टही आवरतं, नाहीतर पाव भसकन फुगून बसतो. जाड दाण्याचं यीस्ट असेल तर साखरेच्या कोमट दुधात दहा मिनिटं ठेव, फेस आला तरच पुढे जा. बारीक दाण्याचं इन्स्टंट सरळ मैद्यात घातलं तरी चालतं. दुधात बोट बुडवलं की ऊब लागावी, चटका नको. ५५-६० अंशांच्या पुढे यीस्ट मरतं.

आता मळणं. यात घाई करू नकोस. सुरुवातीला पीठ बोटांना, परातीला, ओट्याला, सगळीकडे चिकटतं. इथेच बायका घाबरून मैदा भुरभुरतात आणि मऊपणा तिथेच संपतो. भुरभुरू नकोस. झाकून २० मिनिटं सोडून दे, मैदा पाणी पिऊन घेतो आणि चिकटपणा निम्मा कमी होतो. मग तळहाताच्या टाचेने पुढे लोट, घडी घाल, वळव, पुन्हा लोट. दहा मिनिटं झाली की लोणी थोडं थोडं घाल. ते आधीच घातलं तर पिठाला तार यायला वेळ लागतो. लोणी घातल्यावर पीठ पुन्हा फुटल्यासारखं, निसरडं होतं. तरी मळत राहा, पाच मिनिटांत ते एकजीव होऊन चकाकायला लागतं. झालं की नाही कसं ओळखायचं? लिंबाएवढा गोळा घे, दोन्ही हातांच्या बोटांवर हळूहळू ताण. पापुद्र्याआडून खिडकीचा उजेड दिसला आणि तो फाटला नाही की झालं. लगेच फाटला तर अजून मळ.

फुगायला किती वेळ, ते घड्याळाला विचारू नकोस. मुंबईत मे महिन्यात तासाच्या आत फुगेल, पुण्यात डिसेंबरात दोन तासही कमी पडतील. पीठ दुप्पट झालं पाहिजे, एवढंच बघ. थंडीत बंद ओव्हनमध्ये पिठाशेजारी गरम पाण्याचं भांडं ठेव. यीस्टची पाकिटं मिळायच्या आधी गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, माडाच्या सुरेने पीठ सावकाश आंबवायचे. पावाला चव येते ती अशा सावकाश आंबण्याने. म्हणून वेळ असेल तेव्हा पीठ रात्रभर फ्रिजमध्ये फुगू द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

गोळे करताना कडा खाली खेचून वरची कातडी ताणून घे, आणि ताटलीत जवळजवळ लाव. फुगून एकमेकांना टेकले की बाजू कडक होत नाहीत, म्हणून तर लादी पाव एवढा लुसलुशीत. दुसऱ्या फुगवणीनंतर बोटाने हलकं दाब. खळगा सावकाश, अर्धाच भरून आला तर ओव्हनमध्ये घालायची वेळ झाली. वरून दूध लाव, तापलेल्या ओव्हनमध्ये १९० अंशांवर १८-२० मिनिटं. जास्त भाजू नकोस, वर बदामी रंग आला की काढ. लगेच लोणी लावून सुती फडक्याने झाकून ठेव, आतल्या वाफेने वरचा पापुद्रा नरम पडतो.

कणीक घालायची असेल तर चौथा हिस्सा घाल, आणि पाणीही थोडं वाढव.

उरलेले पाव फ्रिजमध्ये मात्र ठेवू नकोस, तिथे ते बाहेरच्यापेक्षा लवकर शिळे होतात. पूर्ण गार झाले की पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाक. खाताना बाहेर काढून जरा नरम पडू दे आणि इडलीपात्रात दोन मिनिटं वाफ दे.