चेकवरचे आकडे आणि मालावरचे नाव

आपला कोणताही चेक काढा आणि तळाची पांढरी पट्टी पाहा. तेथले आकडे निराळेच दिसतात. रेघ कोठे बारीक, तर कोठे सुताला गाठ यावी तशी एकदम जाड. ही नक्षी शोभेची नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने बँक ऑफ अमेरिकेसाठी यंत्राने चेक वाचण्याची पद्धत बसवली. शाईत लोहाच्या ऑक्साइडची भुकटी असते. यंत्र तिला चुंबकत्व देते आणि जाड-बारीक रेघेमुळे प्रत्येक आकड्याचा वेगळा इशारा उमटतो. या वळणाचे नाव ई-१३बी. त्यात १० आकडे आणि ४ खुणा आहेत. ए, बी, सी नाहीतच!

मग दुकानांच्या पाट्यांवर दिसणारी 'कॉम्प्युटर छाप' अक्षरे आली कोठून? ती माणसांनी माणसांसाठी काढली. १९६० च्या दशकात लंडनमध्ये लिओ मॅग्ज यांनी या आकड्यांच्या धर्तीवर 'वेस्टमिन्स्टर' हा टाइप तयार केला. १९७० साली बॉब न्यूमन यांचा 'डेटा ७०' लेट्रासेट या इंग्लिश कंपनीने काढला. बँकेच्या यंत्राला यांचा काही उपयोग नाही. पाहणाऱ्याला मात्र वाटते, माल उद्याच्या जमान्याचा आहे. विक्रीसाठी एवढे पुरेसे असते.

उर्दू कातिबांना यातला भेद चांगला ठाऊक होता. सुर्खीला जली कलम, मजकुराला खफी. जली कलमाने कोणी सबंध पान लिहीत नसे. हा टाइपही जलीच समजावा. ब्रँडचे एक-दोन शब्द, तेही मोठे आणि भोवती मोकळी जागा ठेवून. पत्ता, भाव, मीटर, लॉट नंबर यांसाठी तो मुळीच वापरू नये. चौकोनी केलेले ओ, डी आणि शून्य लांबून सारखेच दिसतात. गाठीवरचा लॉट नंबर गोदामात चुकीचा वाचला गेला, तर माल भलत्याच पेढीवर जाऊन पडेल आणि भाडे दोन्हीकडचे भरावे लागेल.

थानावर शिक्का मारणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. कोऱ्या कापडात शाई पसरते. जाड अक्षराच्या पोटातली बारीक फट बुजली की नाव संपले. कागदावर सुरेख दिसलेला नमुना कापडावर डाग होतो. मराठीत नाव घालायचे असेल, तर काना जागोजागी फुगवण्याचा हट्ट डीटीपीवाल्याकडे धरू नका. ब च्या पोटातली तिरपी रेघ बुजली की त्याचा व होतो.

ऑर्डर देण्यापूर्वी एकच नमुना त्याच कापडावर, त्याच शाईने मारून घ्या. वाळल्यावर दहा पावलांवर धरा आणि ज्याने तो आधी पाहिलेला नाही अशा हमालाला वाचायला सांगा. तो अडला, तर ब्लॉक करायला टाकू नका.